आठांची शाखा आणि विसांची शाखा

मध्यमवर्गीय माणूस कुठलीही वस्तू विकत घेत नाही, तो तिची तुलना करतो. खरेदी हा त्या तुलनेचा नाइलाजाने झालेला शेवट. पाव किलो भेंडी घ्यायची तरी चार गाड्यांवर भाव विचारून, चारही ठिकाणी तोंड वाकडं करून तो पहिल्या गाडीवर परत येतो आणि तोवर भेंडी संपलेली असते. आमच्या वडिलांनी दोन स्कूटरींची तुलना इतकी मन लावून केली की निकाल लागला तेव्हा दोन्ही कंपन्यांनी ती मॉडेलं बंद केली होती. वडील समाधानाने म्हणाले, "बघ, घेतली असती तर आता पार्ट मिळाले नसते."

त्यातून मी बँकेतला कारकून. आमच्याकडे तुलना हा स्वभाव नसून नियम आहे. शाखेसाठी टेबलफॅन घ्यायचा तर तीन कोटेशनं, त्यांचा तुलनात्मक तक्ता, तक्त्याखाली शेरा, शेऱ्याखाली सही आणि त्या सहीखाली पहिली सही खरी असल्याची दुसरी सही. फॅन येईपर्यंत उन्हाळा संपतो, पण फाइल अशी झकास होते की तिच्याकडे पाहूनच गार वाटावं.

तेव्हा घरात नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं आणि 'प्रोसेसर कुठला?' असा प्रश्न निघाला, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला प्रोसेसरमधलं कळतं म्हणून नव्हे, तक्ता आखता येतो म्हणून. शिवाय पैसे माझे होते. एक एफडी मुदतपूर्तीला आली होती आणि घरात एफडी मुदतपूर्तीला आली की तिचा वास मुंग्यांच्या आधी मुलांना लागतो.

पक्षकार दोन. पहिली आमची कन्या. ती आर्किटेक्चर शिकून नुकतीच बाहेर पडली आणि तिला चित्रं करून द्यायची सुटी कामं मिळू लागली. अजून पाया खणला नाही अशा इमारतीचं ती असं चित्र करते की इमारत उभी आहे, वर निळं आभाळ आहे, खाली झाडं आहेत आणि झाडाखालून एक तरुण जोडपं हसत चाललं आहे. डोंबिवलीत हप्ते फेडणारं जोडपं असं हसताना मी पाहिलेलं नाही, पण चित्राला रेंडर म्हणतात, पंचनामा नव्हे. हे एक चित्र पुरं व्हायला तिच्या लॅपटॉपला रात्रभर लागायचं. लॅपटॉप तापायचा, म्हणून त्याच्यासमोर टेबलफॅन लावायचा आणि आम्ही घामाघूम झोपायचो. पहाटे चारला वीज गेली की घरात कुणीतरी गेल्यासारखी शांतता. लागोपाठ दोन कामं तिच्या हातून अशीच गेली, तेव्हा ती काही बोलली नाही. पोहे मात्र तसेच टाकून उठली. आमच्या घरात पोहे टाकून उठणं म्हणजे लेखी तक्रार.

दुसरे पक्षकार चिरंजीव. हे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहेत आणि गेम खेळतात. आम्ही गोट्या खेळायचो तसं नव्हे. यांच्या खेळात शास्त्र आहे. पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं याला फ्रेम म्हणतात आणि फ्रेम कमी पडल्या तर शत्रू आधी गोळी घालतो. अभ्यास कमी पडला तर काय होतं, यावर त्या शास्त्रात प्रकरण नाही.

मशीन एकच घ्यायचं. दिवसा याचं, रात्री तिचं. म्हणजे आमच्या चाळीतल्या जुन्या खाटेसारखं, दोन पाळ्यांत दोघं.

आता उमेदवार. एक 'रायझेन ७ ९८००एक्स३डी', दुसरा 'कोअर अल्ट्रा ७ २६५के'. मी प्रथम ऐकलं तेव्हा मला ते मनिऑर्डरचे नंबर वाटले. पहिला एएमडी कंपनीचा, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला. दुसरा इंटेलचा, त्याआधी जेमतेम दोन आठवडे, ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला. आले तेव्हा अमेरिकेतली जाहीर किंमत पहिल्याची ४७९ डॉलर, दुसऱ्याची ३९४. दोन्ही डब्यांत पंखा नाही. एवढी किंमत घेऊन पंखा वेगळा विकत घ्यायचा हे ऐकून आमची ही म्हणाली, "म्हणजे हॉल बुक केला, पण खुर्च्या आपल्या."

चिरंजीव मला समजावून सांगायला बसले. कोअर, थ्रेड, कॅश, क्लॉक. 'कॅश' म्हटल्यावर मी सावरून बसलो, पण ती कॅश निराळी निघाली. अर्ध्या तासानंतर मी त्याला थांबवलं आणि म्हटलं, "हे बघ, मला शाखेच्या भाषेत सांग." आणि काय चमत्कार! सगळं लख्ख कळलं. मला तर वाटतं, प्रोसेसरची कल्पना ज्याला सुचली त्यानं आधी एखाद्या बँकेच्या शाखेत निदान तीन वर्षं काढली असावीत.

प्रोसेसर म्हणजे शाखा. कोअर म्हणजे कारकून. एएमडीच्या शाखेत आठ कारकून. पण प्रत्येक जण एकाच वेळी दोन खिडक्या सांभाळतो. एका खिडकीवरचं गिऱ्हाईक खिशात पेन शोधत असतं, तेवढ्यात दुसऱ्याचं काम उरकतो. म्हणून खिडक्या सोळा. ही युक्ती इंटेलनं २००२ सालीच बाजारात आणली होती, पण २०२४ च्या या पिढीत तिनंच ती सोडून दिली. तिच्या शाखेत वीस माणसं आणि वीसच खिडक्या. मात्र त्या विसांत आठ सीनियर आहेत आणि बारा ज्युनियर. सीनियर जोरात काम करतात आणि वीज जास्त खातात. ज्युनियर सावकाश करतात आणि कमी खातात. हे वाक्य मी दोनदा विचारून घेतलं, कारण आमच्याकडे सीनियर खातात एवढंच खरं आहे.

आता वेग. आठांच्या शाखेतला कारकून सेकंदाला जास्तीत जास्त ५२० कोटी ठोके टाकतो, विसांच्या शाखेतला सीनियर ५५० कोटी. मला सेकंदाला ५२० कोटी आणि ५५० कोटी यांतला फरक विचाराल, तर आमच्या टोकन क्रमांक ४७ ला तो कळणार नाही. मग आठ माणसांची शाखा जास्त महाग का?

तर तिथं टेबलाचा खण मोठा आहे. कारकुनाला लागणारे कागद तीन ठिकाणी असतात. टेबलाच्या खणात, हॉलच्या कोपऱ्यातल्या कपाटात आणि तळघरातल्या रेकॉर्डरूममध्ये. खण म्हणजे ती कॅश, कपाट म्हणजे रॅम आणि तळघर म्हणजे डिस्क. खणातला कागद काढायला जो वेळ लागतो, त्याच्या कित्येक पट कपाटापर्यंत जाऊन यायला लागतो. तळघरात गेलेला माणूस तर चहा घेऊनच वर येतो. इंटेलच्या शाखेत सामाईक खण ३० मेगाबाइटचा, एएमडीच्या शाखेत ९६ चा. हा जादा खण त्यांनी चिपवर चिप रचून केला आहे. एएमडीनं हा प्रकार घरगुती प्रोसेसरात २०२२ साली प्रथम आणला, तेव्हा खण कारकुनाच्या डोक्यावर ठेवला होता. त्यामुळे वरच्या पंख्याचा वारा बिचाऱ्याला लागेना आणि तापू नये म्हणून त्याला बेतानं काम करावं लागे. २०२४ मध्ये कुणा सुज्ञाने तो खण डोक्यावरून काढून बुडाखाली सरकवला. डोकं थंड झालं, वेग वाढला. आमच्या हेडऑफिसला इतकं साधं सुचायला समिती लागली असती.

गेमला हा मोठा खण का लागतो? कारण गेम म्हणजे महिन्याच्या एक तारखेची पेन्शनरांची गर्दी. पुढचा कोण येणार आणि काय मागणार याचा नेम नाही. खेळणारा डावीकडे वळेल की उजवीकडे, दार उघडेल की भिंत फोडेल. जे मागेल ते हाताशी हवं. सेकंदाला साठ फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा साठावा हिस्सा मिळतो, म्हणजे सोळा-सतरा मिलिसेकंद. त्यात कारकून सारखा कपाटाकडेच जात राहिला की वेळ संपली. आणि इथं माणसं वाढवून फारसा उपयोग नाही, कारण पुढची फ्रेम आधीच्या फ्रेमवर अवलंबून. जीन ॲमडाल नावाच्या कॉम्प्युटरतज्ज्ञानं १९६७ सालीच मांडून ठेवलं आहे की कामाचा जो भाग एकामागून एकच होऊ शकतो, तो शंभरात फक्त पाच टक्के असला तरी तुम्ही माणसं कितीही लावा, काम विसपटीपेक्षा लवकर होणार नाही. कर्जाचा अर्ज वीस टेबलांवर एकदम तपासता येईल हो, पण शेवटची सही मॅनेजरची आणि मॅनेजर जेवायला गेलेले. ॲमडालसाहेबांचा नियम आमच्या शाखेत रोज पावणेदोन वाजता सिद्ध होतो.

कन्येचं रेंडर मात्र निराळं. तिथं चित्राचे चौकोन पाडतात आणि एकेक चौकोन एकेकाला वाटून देतात. या चौकोनाला त्या चौकोनाची वाट पाहायची नाही. हे वर्षअखेरीचं व्याज काढण्यासारखं काम. जितके हात, तितकं लवकर. अशा कामात विसांची शाखा आठांच्या शाखेपेक्षा साधारण सव्वा ते दीडपट वेगानं जाते. उलट गेममध्ये, साधा १०८० चा पडदा आणि भारीतलं भारी ग्राफिक्स कार्ड असेल, तर आठांची शाखा सरासरी पाव ते एक-तृतीयांश पुढे. पडदा मोठा, फोर-के झाला, की सगळा भार ग्राफिक्स कार्डावर जातो आणि दोन्ही शाखा शेजारी शेजारी बसून जांभया देतात.

एवढं झाल्यावर मी दोन्ही उमेदवारांची घराणी तपासली. स्थळ पाहताना आपण पाहतोच. इंटेलचा जन्म १९६८ चा, एएमडीचा १९६९ चा. दोन्हीकडची संस्थापक मंडळी फेअरचाइल्ड या एकाच कंपनीतून बाहेर पडलेली. म्हणजे एका वाड्यातली. १९८१ मध्ये आयबीएमनं आपल्या पीसीत इंटेलचा प्रोसेसर घातला, पण पुरवठादार एकच नको, दुसरा हवा, असा तिचा आग्रह. म्हणून १९८२ मध्ये इंटेलनं एएमडीला आपल्या नकाशावरून माल करायची परवानगी दिली. पुढे वाटणीवरून कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. २००३ मध्ये धाकटीनं चौसष्ट बिटांची भाषा काढली, ती थोरलीला पुढे उचलावी लागली. २००९ मध्ये तडजोड झाली, तेव्हा थोरलीनं धाकटीला सव्वाशे कोटी डॉलर मोजले. आमच्या कोकणातल्या घरी सामाईक फणसावरून जे चाललंय ते याच जातीचं, फक्त डॉलरच्या जागी फणस.

आणि यावर कळस म्हणजे हे दोन्ही प्रोसेसर, म्हणजे निदान त्यांतला जिथं कारकून बसतात तो भाग, तैवानच्या टीएसएमसी या एकाच कारखान्यातून करून घेतलेला आहे. मी हे हिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे दोन दुकानांच्या चकल्या आणि तळणाऱ्या बाई एकच." १९८३ साली बँकांत संगणकीकरणाचा पहिला करार झाला, तेव्हा यंत्राला कॉम्प्युटर म्हणायची सोय नव्हती, 'ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन' असं सोवळं नाव होतं. ती मंडळी आज हिच्याकडे आली असती तर अर्ध्या तासात पटली असती.

रविवार सोडून एका शनिवारी लॅमिंग्टन रोडला गेलो. डोंबिवलीहून दादर, दादरला पूल चढून पश्चिम रेल्वे आणि ग्रँट रोडला उतरून भर उन्हात तीन दुकानं, कारण कोटेशनं तीन. पहिल्या दुकानदारानं विचारलं, "गेमिंग के लिए चाहिए कि काम के लिए?" मी म्हटलं, "घर के लिए." तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "फिर दो ले लो." दुसऱ्यानं भाव सांगितला आणि जीएसटी वेगळा म्हणाला. तिसऱ्यानं मला बसायला स्टूल दिलं आणि खरी गोष्ट सांगितली: "साहेब, प्रोसेसरवर भांडू नका. बजेट ठरलेलं असेल तर ग्राफिक्स कार्ड कुठलं येतंय ते बघा. गेमपण त्याच्यावर, आणि हल्ली पुष्कळ रेंडरिंगपण त्याच्यावर." गिऱ्हाइकाला स्टूल देणारा माणूस सहसा खोटं बोलत नाही, हा माझा काउंटरच्या अलीकडचा अनुभव.

घरी आल्यावर रात्री जेवणानंतर सुनावणी ठेवली. मी तक्ता वाचून दाखवला. हिनं "दोघांत धूळ कुणावर कमी बसते?" असा एक मूलभूत प्रश्न विचारला, तो तक्त्यात घेतला. मग मी म्हटलं, "आता दोघांनी आपापली बाजू मांडा." आणि तिथं सगळा घोटाळा झाला.

कन्या म्हणाली, "बाबा, आठवाला घ्या. माझं रेंडर रात्रीच लागतं. ते चार तासांत झालं काय नि सहा तासांत झालं काय, मी उठणार सातला. त्याची एक फ्रेम चुकली तर तो दिवसभर तोंड पाडून बसतो. बारावीला त्यानं दोन वर्षं गेमला हात लावला नाही."

चिरंजीव ताडकन म्हणाले, "काही नको. वीसवाला घ्या. ताईचा क्लायंट सकाळी दहाला फोन करतो, झाडं काढा, भिंत पिवळी करा आणि दुपारी तीनपर्यंत पाठवा. तेव्हा रात्र कुठून आणणार ती? मागची दोन कामं तशीच गेली. आणि आपला मॉनिटर साठ हर्ट्झचा आहे बाबा. तो सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. प्रोसेसरनं दीडशे केली काय, दोनशे केली काय, वरची सगळी वाया."

"तुला तेव्हा वाया वाटत नव्हती!"

"तुला मेली झोपच येत नाही रात्री, मला माहितेय."

मग दोघं भांडली. इतकी भांडली की शेजारच्या काकूंनी टीव्हीचा आवाज कमी केला. पण भांडण उलटं होतं. प्रत्येक जण दुसऱ्याची फिर्याद चालवत होता. चोवीस वर्षांच्या नोकरीत मी कधी एका डिपार्टमेंटला दुसऱ्यासाठी बजेट मागताना पाहिलेलं नाही. मी चष्मा पुसायला घेतला. पुसण्यासारखा तो फारसा नव्हता, पण असे प्रसंग चष्म्याशिवाय नीट जात नाहीत. ही उगाचच आत गेली आणि रात्री साडेदहाला कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी मी शेरा लिहिला. 'पडदा साठ हर्ट्झचा असल्याने आजच्या तारखेस जादा फ्रेमांचा उपभोग शक्य नाही. विसांची शाखा ८५ डॉलरने स्वस्त जाहीर झालेली आहे. सदर फरक ग्राफिक्स कार्डाकडे वर्ग करावा, कारण त्याचा लाभ दोन्ही पक्षकारांस आहे. विसांची शाखा भरात असता २५० वॅटपर्यंत वीज घेते; आठ तास तशीच चालली तर दोन युनिटं. सबब टेबलफॅन माणसांकडे परत करावा.' चिरंजीवांनी एक हरकत नोंदवली. एएमडीनं आपल्या एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ द्यायचं कबूल केलं आहे, म्हणजे पुढे नुसता प्रोसेसर बदलता येईल. मी विचारलं, "आधीचा कॉम्प्युटर आपण किती वर्षं वापरला?" "अकरा." "मिक्सर?" "सव्वीस." हरकत फेटाळली.

मशीन आलं. पहिल्या रात्री रेंडर लावून कन्या झोपली. दोन वाजता मी पाणी प्यायला उठलो, तर पडदा चालू. टास्क मॅनेजरमध्ये वीस चौकोन, आणि विसांच्या विसांत शंभर टक्के काम. कुणी रजेवर नाही, कुणी चहाला नाही, युनियनची मीटिंग नाही. मी स्टूल ओढून बराच वेळ पाहत बसलो. असं दृश्य आयुष्यात एकदा तरी पाहावं. दुसऱ्या दिवशी दुपारी चिरंजीव खेळत होते, तेव्हा पाच-सहा जण घाम गाळत होते आणि बाकीचे खिडकीबाहेर बघत होते. ही शाखा मात्र ओळखीची वाटली. संध्याकाळी मी त्याच यंत्रावर घरखर्चाचा हिशोब उघडला, तर वीस जणांत मिळून एक टक्का हालचाल झाली. माझ्या पगाराची त्यांनाही कल्पना आली असावी.

दीड महिन्यानं कन्येला पहिल्या मोठ्या कामाचे पैसे मिळाले. मी तिला एफडीचे दर सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं दारातून एक चपटं खोकं आत घेतलं आणि भावापुढे ठेवलं. १४४ हर्ट्झचा मॉनिटर. आता एका फ्रेमला सात मिलिसेकंद. तो काही बोलला नाही. तिच्या डोक्यावर टपली मारून खोकं घेऊन आत गेला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही.

रात्री मात्र तो हळूच माझ्याजवळ येऊन बसला. "बाबा, ते आठवालं आहे ना..."

मी फाइल काढून त्याला शेरा दाखवला. 'आजच्या तारखेस' हे शब्द बँकवाला उगाच लिहीत नाही. तारीख बदलली की प्रकरण नव्यानं दाखल करता येतं. मी कपाटातून कोरा फुलस्केप घेतला, पट्टी शोधली आणि मधोमध एक उभी रेघ मारली. अकरा वर्षं काय, हां हां म्हणता जातील.